काट्यास शिक्का, पर्जन्यमापकास कां नाहीं?

वऱ्हाडांत पावसाविषयीं एक जुनें बोलणें आहे, कीं बैलाचें एक शिंग ओलें होतें आणि दुसरें कोरडें राहतें. ज्या प्रांतांत धुऱ्याच्या अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे धूळ उडते, त्या प्रांतांतील कास्तकाराच्या नुकसानीचा निकाल आतां महसूल मंडळांत उभ्या असलेल्या एका स्वयंचलित यंत्रावर अवलंबूं लागला आहे. तें यंत्र पाऊस, उष्णता, हवेंतील ओलावा व वारा मोजतें आणि मोजलेलें माप इंटरनेटच्या द्वारें परस्पर वर पाठवितें. पेऱ्याची नोंद मोबाइलवर होते, सातबारा संगणकांतून निघतो, आणि शेतकऱ्याची ओळखहि एका क्रमांकानें पटविली जाते. हीं साधनें उपयुक्त आहेत याविषयीं प्रस्तुत लेखकास शंका नाहीं. प्रश्न इतकाच आहे, कीं यंत्र आधीं आणि नियम मागाहून असा जो क्रम सध्यां पडत चालला आहे, तो कास्तकाराच्या हिताचा आहे काय? आमच्या मतें तो हिताचा नाहीं. आणि असें म्हणण्यास आधार शोधण्याकरितां दूर जावयास नको, तो आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहे.

आज वाशीम जिल्ह्यांत असलेलें कारंजा हें कापसाच्या व्यापाराचें जुनें ठिकाण. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूस बाजार तेथें १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें सुरू झाला. त्या अनुभवावरून १८९७ सालीं सबंध वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा करण्यांत आला. या कायद्याचें मर्म काय होतें? तराजू त्यापूर्वींहि होते, वजनें होतीं, मापारी होते, दलालहि होते. कायद्यानें कोणतेंहि नवें यंत्र आणलें नाहीं. मापाऱ्यानें व दलालानें परवाना घ्यावा, बाजाराचा कारभार नेमलेल्या समितीनें पाहावा, आणि नियमांत नसलेली कपात कास्तकाराच्या मालांतून होऊं नये, एवढेंच त्यानें ठरविलें. म्हणजे तराजू तोच राहिला, पण तो कोणाच्या हातीं व कोणत्या अटीवर, हें लेखी झालें. पुढें १९२७ सालीं मुंबई इलाख्यानें कापूस बाजारांचा कायदा केला, आणि १९२८ सालीं शाही कृषि आयोगानें असे नियंत्रित बाजार देशभर काढावे अशी शिफारस केली. या कामीं वऱ्हाड अग्रभागीं होतें, हें आपण विसरूं नये.

त्या कायद्यांत एक उणेंहि होतें. समितीवर व्यापाऱ्यांचें वजन अधिक होतें आणि ज्याचा कापूस मोजला जाई त्या कास्तकारास तेथें स्थान जवळजवळ नव्हतेंच. यावरून दोन धडे निघतात. पहिला असा, कीं माप देणाऱ्या साधनापेक्षां त्या साधनाभोंवतीं असलेला नियम अधिक महत्त्वाचा. दुसरा असा, कीं तो नियम राबविणाऱ्या मंडळींत ज्याचें नुकसान व्हावयाचें आहे तो बसलेला नसेल, तर नियमहि अर्धाच उपयोगी पडतो.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. बाजार समितीच्या आवारांतील काटा, मग तो लोखंडी असो वा इलेक्ट्रॉनिक, वैध मापन अधिनियम, २००९ याप्रमाणें ठराविक मुदतीनें तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर शासनाच्या निरीक्षकाचा शिक्का असावा लागतो. शिक्क्याविना काटा व्यवहारांत वापरणें हा गुन्हा आहे. कास्तकार निरक्षर असला तरी त्यास शिक्का पाहतां येतो, विचारतां येतो, आणि शंका आल्यास दुसऱ्या काट्यावर माल टाकतां येतो.

याच्याशेजारीं पर्जन्यमापक ठेवून पाहा. राज्यांत २०१७ सालापासून ‘महावेध’ प्रकल्पाखालीं खाजगी कंपनीच्या भागीदारीनें महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं; त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. दर मंडळास एक, आणि एका मंडळांत अनेक गांवें. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस मंडळांत नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी समजली जाते. ६४ वर आंकडा थांबला तर त्याच शिवारांतील वाहून गेलेल्या सोयाबीनची कथा निराळी होते. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या भागांतील संत्रा बागायतदारांस तर हें अधिक तीव्रतेनें जाणवतें. पुनर्रचित हवामान-आधारित फळपीक विमा योजनेंत, गारपिटीसारखा अपवाद सोडल्यास, झाडाखालीं किती फळें गळलीं हें मोजावयास कोणी येत नाहीं. ठरलेल्या मुदतींत केंद्रानें नोंदलेलें तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला कीं नाहीं, एवढ्यावरच आंबिया किंवा मृग बहाराची भरपाई ठरते. म्हणजे या व्यवहारांत तें केंद्र हाच काटा आहे, व हवामान हाच माल आहे. मग दहा क्विंटल तुरीचें वजन करणाऱ्या काट्यास जो शिक्का लागतो, तो एका मंडळाच्या बागांचें भवितव्य ठरविणाऱ्या पर्जन्यमापकावर कास्तकारास दिसेल अशा रीतीनें कां असूं नये?

येथें कोणी म्हणेल, कीं हीं यंत्रें शास्त्रशुद्ध आहेत व दर दहा मिनिटांनीं नोंद पाठवितात, मग संशय कशाला? संशय यंत्रावर नाहीं. पर्जन्यमापकाच्या नळकांड्यांत पालापाचोळा साचतो, पक्षी घरटें करतात, शेजारचें झाड वाढून आडोसा होतो, बॅटरी उतरते. हीं विघ्नें वाईट हेतूनें येत नाहींत. तीं येतच असतात. म्हणूनच तपासणीचा दिवस, तपासणाराचें नांव आणि बिघाड झाल्यास कोणत्या केंद्राची नोंद धरावयाची, हें हंगामापूर्वींच ठरलेलें व गांवांत लागलेलें असावें. शेजारच्या कर्नाटक राज्यानें आपत्ति निवारण केंद्रामार्फत ग्रामपंचायतनिहाय सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत. केंद्र सरकारनेंहि २०२३ सालीं ‘विंड्स’ या नांवाची योजना पुढें मांडून ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा हेतु प्रगट केला. हेतु उत्तम आहे. परंतु यंत्रें दुप्पट झालीं आणि नियम तेवढाच राहिला, तर वादहि दुप्पट होतील.

यंत्र पुढें गेलें व नियम किंवा त्याची अंमलबजावणी मागें राहिली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण सातबाराच्या उताऱ्यांत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालीं झाला. त्याच्या कलम ४ नें इलेक्ट्रॉनिक अभिलेखास व कलम ५ नें तशा सहीस मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. कायदा होता, यंत्र होतें, उताराहि हातांत होता. तरीहि ठिकठिकाणीं पटवाऱ्याच्या ओल्या सहीचा व शिक्क्याचाच उतारा मागितला जात असे. अखेर डिसेंबर २०२५ मध्यें महसूल विभागास परिपत्रक काढून, हा उतारा कायदेशीर असून त्यावर निराळी सही लागत नाहीं, असें बजावून सांगावें लागलें. मध्यंतरीं पऱ्हाटीचे सात हंगाम निघून गेले. यंत्र बसविणें एका दिवसाचें काम. तें मानण्यास कचेरीस भाग पाडणें हें नियमाचें काम, आणि तें मागें राहिलें तर फेरे कास्तकारासच घालावे लागतात.

याच सातबाराच्या संगणकीकरणांत दुसराहि बोध आहे. हस्तलिखित उतारे व संगणकावरील उतारे जुळत नाहींत असें दिसून आल्यावर २०१७ सालीं गांवोगांव चावडी-वाचन करण्यांत आलें. तें योग्यच झालें, कारण ज्याची जमीन त्याच्यासमोर नोंद वाचून दाखविणें यासारखी दुसरी तपासणी नाहीं. तरीहि ज्या चुका राहिल्या, त्यांच्यासाठीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. उलट कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदींतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. चूक कारकुनाच्या लेखणीनें झाली असो वा कळफलकावर झाली असो, एकदां ती नोंद झाली कीं कायदा तिच्या बाजूनें उभा राहतो, व ती खोटी आहे हें दाखविण्याचा भार धारकाच्या शिरावर येतो. म्हणून नोंद होण्यापूर्वींची सावधगिरी ही नोंदीनंतरच्या दहा अर्जांहून मोलाची आहे.

पेऱ्याच्या नोंदीची गोष्ट याहून नाजूक आहे. हक्कनोंदींच्या १९७१ च्या नियमांप्रमाणें गांव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही ठेवण्याचें काम तलाठ्याचें. त्यानें गांवास आगाऊ सूचना देऊन शिवारांत जावें व पिकें पाहून नोंद करावी, असा संकेत. महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या कोणासहि हें ठाऊक आहे, कीं पुष्कळ ठिकाणीं ही पाहणी चावडींत बसूनच होत असे, व मागील सालचा पेरा यंदाहि उतरत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीनें हा दोष काढण्याचा यत्न केला. कास्तकारानें स्वतः शेतांत उभें राहून छायाचित्रासह पीक नोंदवावें, ही कल्पना प्रामाणिक आहे. जो पेरतो त्यासच पेरा ठाऊक असतो.

परंतु या बदलांत एक गोष्ट नकळत उलटली. पूर्वीं नोंद न होणें हा तलाठ्याचा दोष होता. आतां तो कास्तकाराचा दोष ठरतो. मेळघाटांत धारणी-चिखलदऱ्याकडील कित्येक गांवांत मोबाइलची रेंज लागत नाहीं. वयस्क खातेदार, एकटी विधवा, पुण्यास नोकरी करणारा व शेत मक्त्यानें देणारा धारक, यांची अडचण निरनिराळी असली तरी परिणाम एकच, कीं मुदत संपते आणि उभें पीक कागदावर पडीत राहतें. त्या कागदावर हमीभावाची खरेदी, नुकसानीची मदत व विमा यांचा डोलारा उभा आहे. २०२५-२६ च्या हंगामांत कापसाच्या हमीभाव-खरेदीसाठीं ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आवश्यक करण्यांत आली. त्याआधीं १५ एप्रिल २०२५ पासून कृषि योजनांच्या लाभासाठीं शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. एकामागून एक दारें झालीं, आणि प्रत्येक दाराची किल्ली मोबाइलमध्यें आहे.

हीं बंधनें बहुतांशीं शासन निर्णय, परिपत्रक व योजनेच्या मार्गदर्शक सूचना यांनीं घातलेलीं आहेत. विधिमंडळांत चर्चा होऊन झालेल्या कायद्यानें नव्हे. धोरण आणि कायदा यांतील भेद आपण नीट ध्यानांत घेतला पाहिजे. धोरण सरकारची इच्छा सांगतें. कायदा नागरिकाचा हक्क सांगतो. धोरण किती लवकर पालटतें हें पीक विम्यांतच दिसतें. २०२३ च्या खरिपांत एका रुपयांत विमा निघाला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत जाऊन कास्तकाराचा हिस्सा पुन्हा खरीप पिकांस २ टक्के व कापसासारख्या नगदी पिकास ५ टक्के झाला, आणि भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांवर आला. दोन वर्षांत मापदंडच बदलला. सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें २,८१७ कोटी रुपयांची डिजिटल कृषि मोहीम मंजूर केली. जून २०२५ मध्यें राज्यानें महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटी रुपये ठेवले. या रकमांतून यंत्रांच्या तपासणीस व कास्तकाराच्या तक्रारीच्या निकालास किती वांटा आहे, हें आपल्या आमदार-खासदारांनीं सभागृहांत विचारलें पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचें कलम ९ येथें मुद्दाम सांगण्याजोगें आहे. शासकीय कार्यालयानें कागदपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपांतच स्वीकारावें किंवा द्यावें असा आग्रह धरण्याचा हक्क त्यापूर्वींच्या कलमांमुळें कोणासहि मिळत नाहीं, असें तें कलम स्पष्ट म्हणतें. म्हणजे कायद्यानें सरकारवर यंत्राची सक्ती केली नाहीं. कचेरीची तयारी असेल तेव्हां तिनें तें वापरावें, अशी सवड ठेवली. जी सवड कचेरीस कायद्यानें मिळाली, ती कास्तकारास परिपत्रकानें कां नाकारावी? ज्याच्यापाशीं साधन नाहीं, त्याचा कागदी अर्ज घेऊन पोंच देण्याची वाट मोकळी ठेवणें हा न्यायाचा सरळ मार्ग आहे.

याहून मोठी अडचण अपिलाची आहे. महसूल संहितेच्या कलम २४७ प्रमाणें महसुली अधिकाऱ्याच्या हुकमावर वरिष्ठाकडे अपील चालतें, आणि कलम २५० नें त्याची मुदत ठरविली आहे. कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम असेल तर ती साठ दिवसांची आहे. परंतु अपिलास आधीं हुकूम लागतो, हुकमास सही लागते, आणि सहीपूर्वीं कारण लिहावें लागतें. मोबाइलच्या पडद्यावर ‘सर्व्हर उपलब्ध नाहीं’ असें उमटलें, तर तो कोणाचा हुकूम? ‘आपलें स्थान गटाच्या हद्दीबाहेर आहे’ असें यंत्रानें म्हटलें, तर त्याविरुद्ध कोणाकडे जावयाचें? पूर्वींचा कारकून कितीहि चेंगट असला, तरी त्यास नांव होतें आणि त्याचा नकार कागदावर घेतां येत असे. यंत्राचा नकार कागदावर येत नाहीं, म्हणून तो कायद्याच्या कक्षेंतच येत नाहीं. तंत्रज्ञानानें लांच कमी होते हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं अशानें दादहि नाहींशी होण्याचा संभव असतो.

माहितीच्या मालकीचाहि विचार करावा. ओळख क्रमांकामुळें आधार, गट क्रमांक, पेरा व लाभ हें सर्व एका सूत्रांत येतें. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ७ नें शासनास अनुदान व लाभ देण्यासाठीं अशी माहिती वापरण्यास वाव ठेवला आहे. लाभ मिळावयाचा तर तें समजण्यासारखें आहे. परंतु आपली माहिती कोणीं, केव्हां व कशासाठीं पाहिली, याची नोंद खातेदारास सातबाराप्रमाणेंच पाहतां आली पाहिजे.

अधिकारीवर्गाकडून एक आक्षेप येईल, कीं प्रत्येक यंत्रासाठीं कायद्याची वाट पाहिली तर सुधारणा कधींच होणार नाहीं. आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचेंहि उत्तर कारंजानेंच दिलें आहे. १८८६ सालीं हुकमानें एका बाजारांत प्रयोग झाला. अकरा वर्षें अनुभव घेऊन १८९७ सालीं प्रांतासाठीं कायदा झाला. यावरून सूत्र असें बसतें, कीं प्रयोग हुकमानें करावा, सक्ती कायद्यानें करावी. एका तालुक्यांत, ठराविक मुदतीसाठीं, जुनी वाट खुली ठेवून शासन खुशाल नवें यंत्र अजमावो. पण ज्या क्षणीं त्या यंत्राविना लाभ नाहीं असें म्हणावयाचें, त्या क्षणीं त्याची तपासणी, त्यावरील अपील व त्याची जबाबदारी नियमांत लिहिलेली असलीच पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या पांच आहेत. भरपाई ठरविणाऱ्या प्रत्येक केंद्रावर शेवटच्या तपासणीची तारीख व शिक्का असावा. दररोजची नोंद मंडळांतील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. बिघाडाच्या काळांत कोणतें माप धरावयाचें हें हंगामापूर्वीं जाहीर व्हावें. यंत्रावर नाकारलेल्या प्रत्येक नोंदीचा सकारण लेखी दाखला मिळावा व त्यावर अपील चालावें. तक्रारीचा निकाल करणाऱ्या तालुका समितींत कास्तकारांचे प्रतिनिधि बसावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यानें अधिसूचित सेवांस मुदत, दोन अपिलें, त्यांवर आयोग आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड अशी शिस्त लावली आहे. यंत्रावरील नोंदींच्या दुरुस्तीसहि तीच शिस्त लावली, तर नवें खातें काढण्याची गरज नाहीं.

तोंपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें मात्र नव्हे. पीक पाहणीची नोंद झाल्यावर तिची प्रत मुदत संपण्यापूर्वींच काढून ठेवावी. नोंद होत नसेल तर पडद्याचें छायाचित्र तारखेसह घ्यावें व त्याच आठवड्यांत तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोंच असलेला अर्ज वर्षानंतरहि बोलतो. केंद्राच्या नोंदींविषयीं शंका असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याखालीं त्या त्या दिवसांचे आंकडे मागावे. आणि प्रत्येक गांवांतील संघाच्या सभासदांनीं मिळून एक साधा पर्जन्यमापक घ्यावा, दररोज सकाळीं एकाच वेळीं माप वाचून वहींत लिहावें व खालीं दोघांनीं सही करावी. ती वही विमा कंपनीवर बंधनकारक होणार नाहीं. पण अपिलाच्या दिवशीं रिकाम्या हातानें उभें राहण्यापेक्षां वहीसह उभें राहणें निराळें. पुढील मासिक सभेंत हा ठराव घेऊन मृगापूर्वीं निदान आपापल्या मंडळांतील दोन-चार गांवीं तरी असे पर्जन्यमापक बसवावे, अशी संघाच्या चिटणिसांस व सर्व सभासदांस आमची विनंती आहे.